वाचक विचारतात: सिंक्रोट्रॉनच्या क्ष-किरणांची पुढची वाटचाल

गेल्या अंकात आम्ही सिंक्रोट्रॉन स्रोतांविषयी एक लेख दिला होता. जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने वलयाकार नळीत फिरणारे इलेक्ट्रॉन चुंबकांपाशी वळतात, वळताना स्पर्शरेषेच्या दिशेने प्रखर क्ष-किरण बाहेर टाकतात आणि ते किरण बीमलाइनमधून प्रयोगाच्या जागी नेऊन प्रथिनांपासून पोलादापर्यंत अनेक वस्तूंची अंतर्रचना पाहता येते, असा त्याचा सारांश होता. फ्रान्समधील ग्रेनोबल येथील युरोपीय सिंक्रोट्रॉन २०१८च्या डिसेंबरात बंद करून त्याचे वलय पूर्णपणे नव्याने बांधले गेले आणि २०२०च्या ऑगस्टमध्ये ते संशोधकांसाठी पुन्हा खुले झाले, हा उल्लेख लेखाच्या अखेरीस होता. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख ‘आता पुढे काय?’ याकडे आहे. त्यांपैकी निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न (नाशिक, निवृत्त अभियंता): ग्रेनोबलच्या यंत्राची ऊर्जा आधीही ६ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट होती आणि आजही तेवढीच आहे. वलयाचा घेर ८४४ मीटर होता, तोही तसाच राहिला. मग २० महिने यंत्र बंद ठेवून नेमके काय साधले?

उत्तर: साधली ती इलेक्ट्रॉनांची शिस्त, आणि या क्षेत्राची पुढची बहुतेक वाटचाल याच एका गोष्टीतून निघते, म्हणून या प्रश्नाला सविस्तर उत्तर देतो.

वलयात इलेक्ट्रॉन पुंजक्यापुंजक्यांनी फिरतात. एका पुंजक्यातील सगळे इलेक्ट्रॉन एकाच बिंदूतून आणि एकाच दिशेने जात नाहीत. काही किंचित बाजूला असतात, काहींची दिशा किंचित तिरपी असते. पुंजक्याची रुंदी आणि दिशांचा फैलाव यांच्या गुणाकाराने जे माप मिळते त्याला एमिटन्स म्हणतात. हे माप जितके लहान, तितका बाहेर पडणारा क्ष-किरणांचा झोत बारीक, समांतर आणि एकजिनसी. इलेक्ट्रॉनांची संख्या आणि ऊर्जा तेवढीच ठेवूनही नुसता एमिटन्स घटवला, तर नमुन्यावरच्या एका सूक्ष्म बिंदूवर कितीतरी अधिक उपयुक्त प्रकाश पडतो.

एमिटन्स वाढतो कशामुळे, हे समजून घेण्यासारखे आहे. वळणावर इलेक्ट्रॉन क्ष-किरण टाकतो तेव्हा त्याची ऊर्जा अवचित थोडी कमी होते. कमी ऊर्जेचा इलेक्ट्रॉन चुंबकात शेजाऱ्यांपेक्षा अधिक वळतो आणि रांगेतून फुटतो. म्हणजे ज्या क्रियेतून आपल्याला प्रकाश मिळतो, तीच क्रिया पुंजका विस्कटते. एका चुंबकाने इलेक्ट्रॉन ज्या कोनातून वळतो, त्या कोनाच्या घनाच्या प्रमाणात हे विस्कटणे वाढते. त्यामुळे एक मोठे वळण देण्याऐवजी तेवढेच वळण अनेक लहान चुंबकांत वाटून दिले, तर लाभ झपाट्याने वाढतो. चुंबक दुप्पट केले तर एमिटन्स एक-अष्टमांश होतो.

ग्रेनोबलच्या जुन्या वलयात ३२ विभाग होते आणि प्रत्येक विभागात वळवणारे दोन चुंबक होते, म्हणजे एकूण ६४. नव्या वलयात प्रत्येक विभागात सात आहेत, म्हणजे २२४. साडेतीनचा घन सुमारे ४३ येतो. प्रत्यक्षात आडव्या दिशेतील एमिटन्स सुमारे ४००० पिकोमीटर-रेडियनवरून (हे एमिटन्स मोजण्याचे एकक) १३३वर आला, म्हणजे सुमारे ३० पट घटला. वर्गात फळ्यावर करता येईल अशा गणिताच्या इतके जवळ एवढे मोठे यंत्र जावे, याचे मला आजही अप्रूप वाटते.

ही कल्पना नवी नाही. १९९०च्या दशकात डीटर आइनफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मांडली होती, परंतु ती प्रत्यक्षात आणण्याचे धाडस प्रथम स्वीडनमधील लुंड येथील मॅक्स-४ या सिंक्रोट्रॉनने केले. ३ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचे, ५२८ मीटर घेराचे हे वलय २०१६च्या जूनमध्ये सुरू झाले. मधली वर्षे का लागली, याचे उत्तर नळीत आहे. अनेक लहान चुंबकांनी पुंजका घट्ट धरायचा तर चुंबकांचे ध्रुव इलेक्ट्रॉनांच्या अगदी जवळ आणावे लागतात, म्हणून ज्या निर्वात नळीतून ते धावतात तिचा आतला व्यास मॅक्स-४मध्ये अवघा २२ मिलिमीटर ठेवावा लागला. इतक्या अरुंद आणि लांब नळीतली हवा बाहेरच्या पंपांनी नीट उपसता येत नाही. त्यावर उपाय म्हणून तांब्याच्या नळीच्या आतल्या भिंतीवरच उरलेले वायूचे रेणू धरून ठेवणाऱ्या धातूंचा पातळ थर देण्यात आला. हे तंत्र मूळचे जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेतले. म्हणजे नळी स्वतःच पंपाचे काम करते.

दुसरी अडचण अशी की पुंजका जितका दाट, तितके त्यातील इलेक्ट्रॉन एकमेकांवर आपटून वलयाबाहेर फेकले जातात. शिवाय इतक्या काटेकोर वलयात नव्या इलेक्ट्रॉनांची भर घालायला जागाही फार थोडी उरते. अमेरिकेत शिकागोजवळ आर्गोन येथील अॅडव्हान्स्ड फोटॉन सोर्सने २०२३-२४मध्ये आपले १.१ किलोमीटरचे वलय बदलले, तेव्हा त्यांनी भर घालण्याची पद्धतच सोडून दिली. तेथे जुना पुंजका संपूर्ण बाहेर काढून त्या जागी ताजा पुंजका बसवला जातो. त्या वलयाचा एमिटन्स ४२ पिकोमीटर-रेडियनच्या आसपास आहे.

ही शर्यत अजून संपलेली नाही. १ अँगस्ट्रॉम (नॅनोमीटरचा दहावा भाग) तरंगलांबीच्या क्ष-किरणांसाठी निसर्गाने घातलेली सीमा सुमारे ८ पिकोमीटर-रेडियन आहे. त्याखाली गेल्यावर इलेक्ट्रॉन आणखी शिस्तीत आणून फारसा लाभ होत नाही. हॅम्बुर्गमधील २.३ किलोमीटर घेराच्या पेट्रा वलयाचे जे नवे रूप आखले आहे, त्याचे लक्ष्य २०च्या आसपास आहे. बीजिंगजवळ ह्वायरो येथील १.३६ किलोमीटर घेराच्या वलयातून २०२४मध्ये पहिला प्रकाश मिळाला, तेही याच पंगतीतले आहे. जपानमधील स्प्रिंग-८ ऊर्जा ८वरून ६ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टवर आणून नव्या रचनेकडे वळणार आहे, कारण एमिटन्स ऊर्जेच्या वर्गाबरोबरही वाढतो. जगातील सर्वाधिक ऊर्जेचे सिंक्रोट्रॉन स्वतःहून ऊर्जा कमी करते, यावरूनच दिशा कोणती आहे हे लक्षात यावे.

प्रश्न (कोल्हापूर, पदार्थविज्ञानाच्या शिक्षिका): लेखात ‘सुसंगत क्ष-किरण’ असा शब्दप्रयोग होता. लेझरचा प्रकाश सुसंगत असतो, हे आम्ही शिकवतो. क्ष-किरण सुसंगत झाल्याने सामान्य माणसाला कळेल असे काय दिसू लागले?

उत्तर: जत्रेतल्या गर्दीत आणि पावली खेळणाऱ्या दिंडीत माणसे तेवढीच असू शकतील, पण दिंडीतले प्रत्येक पाऊल टाळाच्या ठेक्यावर एकदम पडते, सुसंगत प्रकाशातल्या लहरी तशा एकतालात असतात. अशा लहरी नमुन्यातून गेल्या की नमुन्याच्या कोणत्या भागाने त्यांना किती मागे रेटले, याची नोंद त्यांच्या परस्परांतील व्यतिकरणात, म्हणजे लहरी एकमेकींत मिसळून कोठे बळावतात आणि कोठे पुसल्या जातात त्यात, उमटते. नेहमीच्या क्ष-किरण चित्रात आपण फक्त किती किरण शोषले गेले ते पाहतो. मऊ ऊती क्ष-किरण फार थोडे शोषतात, म्हणून दवाखान्यातल्या चित्रात हाड ठळक दिसते आणि फुप्फुसाची बारीक वीण दिसत नाही. लहरी मागे पडण्याचा परिणाम मात्र अशा हलक्या पदार्थांत शोषणापेक्षा कितीतरी पट मोठा असतो.

याचे मला सर्वांत मोलाचे वाटणारे उदाहरण ग्रेनोबलचेच आहे. करोनाच्या साथीत, २०२०मध्ये, तेथील पॉल ताफोरो, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील पीटर ली आणि क्लेअर वॉल्श आणि जर्मनीतील वैद्यकतज्ज्ञ यांनी करोनाने मृत्यू पावलेल्या व्यक्तींच्या दान केलेल्या फुप्फुसांचे चित्रण हाती घेतले. पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. अवयव प्रथम फॉर्मालिनमध्ये ठेवला जातो, मग हळूहळू अल्कोहोलचे प्रमाण वाढवत ७० टक्क्यांपर्यंत नेले जाते, त्यात विरघळलेला वायू काढून टाकला जातो, कारण किरणांच्या माऱ्यात एक बुडबुडा उठला तरी सगळे चित्र हलते. मग अवयव बरणीत अगारच्या तुकड्यांत रुतवून स्थिर करतात आणि बरणी फिरवत हजारो प्रतिमा घेतात. प्रथम संपूर्ण अवयव सुमारे २५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारकाईने पाहिला जातो; त्यात लक्ष वेधून घेणारी जागा सापडली की अवयव न कापता त्याच जागी सुमारे १ ते २.५ मायक्रॉनपर्यंत उतरता येते. दवाखान्यातील सीटी स्कॅनची बारकाई मिलिमीटरच्या आसपास असते, हे लक्षात घेतले म्हणजे पल्ला कळतो. एकाच फुप्फुसात पूर्ण लोबपासून एकेका वायुकोशापर्यंत अखंड प्रवास करता येतो, आणि करोनात रक्तवाहिन्यांचे जाळे कोठे कसे बिघडले ते जागच्या जागी पाहता येते. हे काम २०२१मध्ये प्रसिद्ध झाले. आता तेथे त्यासाठी २२० मीटर लांबीची वेगळी बीमलाइन आहे, कारण लहरींना व्यतिकरण दाखवण्यासाठी अंतर लागते.

दुसरे उदाहरण संगणकाच्या चिपचे. येथे भिंगच नाही असे म्हटले तरी चालेल. सुसंगत झोताचा एक लहान ठिपका चिपवर पाडायचा, मागे उमटलेली विवर्तनाची (लहरी वळून पसरल्याने होणारी) नक्षी टिपायची, ठिपका थोडा सरकवायचा, पण इतकाच की तो आधीच्या जागेवर अंशतः येईल, आणि असे करत संपूर्ण भाग व्यापायचा. शेजारच्या नोंदी एकमेकींशी जुळल्याच पाहिजेत, या अटीवरून संगणक मूळ रचना शोधून काढतो. या पद्धतीला टायकोग्राफी म्हणतात. स्वित्झर्लंडमधील पाउल शेरर संस्थेने २०१७मध्ये या मार्गाने बाजारातल्या एका प्रोसेसरची १४.६ नॅनोमीटर बारकाईची त्रिमितीय प्रतिमा मिळवली, आणि २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात ती बारकाई ४ नॅनोमीटरपर्यंत नेली. उत्पादनात राहिलेला दोष, किंवा कोणी लपवून घातलेला जादा विद्युतमंडलाचा (सर्किटचा) भाग, चिप न फोडता शोधण्याची शक्यता त्यातून निर्माण होते. सुसंगत प्रकाश जितका अधिक, तितके हे चित्रण जलद होते, म्हणूनच ही संस्था आपलेही वलय २०२३ ते २०२५ या काळात बदलून बसली.

जुन्या ग्रंथांविषयी दोन पत्रांत विचारणा आहे, म्हणून एवढेच सांगतो. इसवी सन ७९मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात कोळसा झालेल्या इटलीतील हर्क्युलेनियम नगराच्या ग्रंथांच्या गुंडाळ्या उलगडता येत नाहीत. हात लावला की त्यांचा चुरा होतो. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ ब्रेंट सील्स यांच्या गटाने त्या इंग्लंडमधील डायमंड या सिंक्रोट्रॉनवर न उलगडता स्कॅन केल्या. शाई कोळशाची आणि कागदही कोळसा झालेला, त्यामुळे दोन्हींत फरक जवळपास नाहीच. तरीही पृष्ठभागाच्या पोतातील अतिसूक्ष्म बदल ओळखायला संगणकाला शिकवून २०२३मध्ये न उघडलेल्या गुंडाळीतला ‘जांभळा’ या अर्थाचा ग्रीक शब्द वाचला गेला आणि पुढील काही महिन्यांत सलग मजकूर हाती आला.

प्रश्न (पुणे, संशोधक विद्यार्थिनी): मी प्रथिनांच्या रचनेवर काम करते. आमच्या प्रयोगशाळेत आता क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची (गोठवलेले रेणू इलेक्ट्रॉनांनी पाहणारा) आणि अल्फाफोल्डची (प्रथिनाच्या रचनेचे भाकीत करणारी संगणकप्रणाली) चर्चा असते. स्फटिक वाढवून सिंक्रोट्रॉनवर जाण्याचे दिवस संपत आले का?

उत्तर: एकच रचना ‘एकदा’ मिळवण्यासाठी स्फटिक आणि सिंक्रोट्रॉन हाच मार्ग असण्याचे दिवस संपले आहेत, हे मान्य करायला हवे. व्यंकी रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि अडा योनाथ यांना २००९मध्ये रायबोसोमच्या (पेशीत प्रथिने बनवणाऱ्या रेणुसमूहाच्या) रचनेसाठी नोबेल मिळाले ते सिंक्रोट्रॉनवरील विदेच्या (डेटाच्या) बळावर. तसा प्रचंड रेणुसमूह आज बहुतेक जण क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नेतील. अल्फाफोल्डचे मोठेपणही निर्विवाद आहे. परंतु ते ज्या रचनांच्या संग्रहावर शिकले, त्यातील बहुसंख्य रचना क्ष-किरण स्फटिकशास्त्राने मिळवलेल्या आहेत, आणि अलीकडच्या दशकांतील बऱ्याचशा सिंक्रोट्रॉनवर. भाकीत तपासून पाहण्यासाठी प्रयोग लागतोच.

माझ्या मते सिंक्रोट्रॉनचे भवितव्य दोन ठिकाणी आहे. पहिले म्हणजे औषधशोध: एकाच प्रथिनाचे शेकडो स्फटिक वेगवेगळ्या लहान रेणूंत भिजवून कोणता रेणू कोठे चिकटतो ते दिवसा-दोन दिवसांत पाहणे. डायमंडने २०२०च्या सुरुवातीला करोना विषाणूच्या मुख्य प्रोटिएजवर (प्रथिने कापणाऱ्या विकरावर) हेच केले आणि निकाल लगेच जगाला खुले केले. दुसरे म्हणजे हालचाल. प्रथिन काम करताना कसे वळते, कोणत्या क्रमाने बंध तुटतात, हे शरीराच्या तापमानाला आणि क्षणाक्षणाला पाहायचे आहे.

येथे एक खरी मर्यादा आडवी येते, आणि तिच्याविषयी फार कमी बोलले जाते. क्ष-किरण नमुना बिघडवतात. शून्याखाली सुमारे १७३ अंश सेल्सियसपर्यंत गोठवलेला प्रथिनाचा स्फटिकही साधारण ३० दशलक्ष ग्रे (शोषलेल्या किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) इतक्या मात्रेनंतर विश्वासार्ह राहत नाही. सामान्य तापमानाला तर ही सहनशक्ती त्याहून कितीतरी कमी असते. माणसाला संपूर्ण शरीरावर ४ ते ५ ग्रे मात्रा प्राणघातक ठरू शकते, यावरून हा मारा किती भयंकर आहे ते कळेल. नव्या वलयांचा झोत इतका प्रखर आहे की ही मर्यादा क्षणार्धात गाठली जाते. चित्रणातही तोच जाच आहे: बारकाई दुप्पट हवी तर मात्रा सुमारे सोळापट लागते. त्यामुळे अधिक प्रकाश मिळाला म्हणजे अधिक दिसेलच, असे आता राहिलेले नाही. नमुना काय सोसतो, यावर पुढचे दशक ठरेल.

मार्ग निघाला आहे तो असा, की एकाच स्फटिकावर सारा भार टाकायचा नाही. हजारो सूक्ष्म स्फटिक एकामागून एक झोतासमोर आणायचे, प्रत्येकाचे एकच विवर्तनचित्र घ्यायचे आणि सगळी चित्रे संगणकात एकत्र करायची. ही रीत मुक्त-इलेक्ट्रॉन लेझरवर (सरळ त्वरकातल्या इलेक्ट्रॉनांपासून क्ष-किरणांचे अतिलघु स्पंद देणाऱ्या यंत्रावर) सुरू झाली आणि आता वलयांवरही स्थिरावली आहे. ग्रेनोबलमध्ये तिच्यासाठी स्वतंत्र बीमलाइन आहे. तुमच्यासारख्या संशोधकांनी स्फटिक मोठे वाढवण्याच्या कौशल्याबरोबरच सारख्या आकाराचे, लहान आणि विपुल स्फटिक वाढवण्याची सवय करावी, असे मी सुचवीन.

प्रश्न (रत्नागिरी, महाविद्यालयीन प्राध्यापक): मुक्त-इलेक्ट्रॉन क्ष-किरण लेझर जर इतके प्रभावी आहेत, तर वलये बांधायचीच कशाला?

उत्तर: कामे वेगळी आहेत. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड येथे २००९मध्ये सुरू झालेला लेझर आणि हॅम्बुर्गजवळचा ३.४ किलोमीटर लांबीचा, २०१७पासूनचा युरोपीय लेझर फेम्टोसेकंदांच्या स्पंदांत प्रकाश देतात, तर वलयाचे स्पंद काही दहा पिकोसेकंदांचे (एक पिकोसेकंद म्हणजे हजार फेम्टोसेकंद), म्हणजे हजारो पट लांब असतात. रासायनिक बंध तुटताना पाहायचा असेल तर लेझरच हवा. पण लेझरवर एका वेळी मोजकेच प्रयोग चालतात. वलयाभोवती चाळीसहून अधिक बीमलाइन एकाच वेळी, रात्रंदिवस, स्थिर प्रकाशात काम करू शकतात. एखाद्या बॅटरीचे भारण आणि उतरण तासन्तास पाहायचे असेल, तर वलयच लागते. स्टॅनफर्डच्या नव्या अतिवाहक त्वरकाची क्षमता सेकंदाला दहा लाख स्पंदांपर्यंतची असल्याने दोहोंमधले अंतर काहीसे कमी होईल, पण एकाने दुसऱ्याची जागा घ्यावी अशी स्थिती मला दिसत नाही.

प्रश्न (सोलापूर, गृहिणी): एवढ्या यंत्रांना वीज किती लागत असेल! विजेच्या टंचाईच्या काळात हे परवडते का? लहान यंत्रे होऊ शकत नाहीत का?

उत्तर: तुमची काळजी योग्य आहे आणि यंत्र बांधणाऱ्यांनीही ती मनावर घेतली आहे. ग्रेनोबलच्या नव्या वलयात वळवणाऱ्या चुंबकांपैकी १२८ कायम चुंबक आहेत. त्यांना विजेचा प्रवाह द्यावा लागत नाही की त्यामुळे तापलेल्या तारा थंड करण्यासाठी पाणी लागत नाही. वलयाचा वीजवापर आधीच्या तुलनेत लक्षणीय प्रमाणात घटला. जॉर्डनमधील सेसामी हे पश्चिम आशियातील देशांनी मिळून उभारलेले सिंक्रोट्रॉन २०१९पासून आपली वीज स्वतःच्या सौरऊर्जा केंद्रातून भागवते. लहान स्रोतांवरही काम चालू आहे: म्युनिकमध्ये एका खोलीत मावेल असा स्रोत आहे, ज्यात लेझरचा प्रकाश इलेक्ट्रॉनांवर आदळवून क्ष-किरण मिळवतात. रुग्णालयात किंवा संग्रहालयात तो उपयोगी पडेल. मोठ्या वलयाची प्रखरता मात्र त्यातून मिळत नाही.

प्रश्न (ठाणे, सेवानिवृत्त शासकीय अधिकारी): या सगळ्यात भारत कोठे आहे? आपल्याला नवे वलय हवे का, की परदेशी यंत्रांवर वेळ घेणे पुरे?

उत्तर: इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात आपली दोन वलये आहेत. इंडस-१ हे ४५० मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचे वलय १९९९पासूनचे. इंडस-२ हे २.५ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचे, १७२.५ मीटर घेराचे. ती देशातच आखली आणि देशातच बांधली गेली. महाराष्ट्राचा त्यांच्याशी जवळचा संबंध आहे, कारण इंडसवरील अनेक बीमलाइन तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारल्या आहेत. प्रथिनांच्या स्फटिकशास्त्राची बीमलाइन हे त्याचे उत्तम उदाहरण. पदार्थांची रचना, उत्प्रेरकांतील धातूंची अवस्था, मातीतील आणि धान्यातील मूलद्रव्यांचे वाटप यांवर तेथे नियमित काम चालते. परंतु इंडस-२च्या मूळ आराखड्यातील एमिटन्स सुमारे ५८ नॅनोमीटर-रेडियन (एक नॅनोमीटर म्हणजे १००० पिकोमीटर) आहे, तर मॅक्स-४चा सुमारे ०.३३. ज्या सुसंगत प्रकाशावर वर सांगितलेले चित्रण अवलंबून आहे, तो इंडसवर पुरेसा मिळणार नाही. यात इंडसच्या अभियंत्यांचा काहीच दोष नाही. ते यंत्र आधीच्या पिढीचे आहे.

परदेशातील सोय आपण केली आहे. जपानमधील त्सुकुबा येथील फोटॉन फॅक्टरीत भारतीय बीमलाइन आहे, हॅम्बुर्गच्या पेट्रा-३वर आणि इटलीतील त्रिएस्टेच्या एलेट्रावर भारताची भागीदारी आहे. ही व्यवस्था चालू राहावी, पण ती पुरेशी आहे असे मला वाटत नाही. नाशवंत जैविक नमुना, किरणोत्सारी पदार्थ किंवा उद्योगाचे गुपित विमानाने परदेशी नेणे नेहमी शक्य नसते, आणि यंत्र बांधण्यातून देशात जे कसब रुजते ते वेळ भाड्याने घेऊन रुजत नाही.

या बाबतीत तुलना करायची तर मी ब्राझीलशी करीन. त्यांचे पहिले, १.३७ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचे वलय १९९७मध्ये खुले झाले, म्हणजे आपल्या इंडस-१च्या केवळ दोन वर्षे आधी. तेही त्यांनी स्वतःच बांधले होते. त्याच माणसांनी कंपिनास येथे सिरियस हे ३ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचे, ५१८ मीटर घेराचे, सुमारे ०.२५ नॅनोमीटर-रेडियन एमिटन्सचे वलय उभारले आणि ते जगातील पहिल्या काही नव्या पिढीच्या स्रोतांत गणले जाते. त्याचे विद्युतचुंबक कारखान्यांतील विद्युत मोटर बनवणाऱ्या वेग या ब्राझिलियन कंपनीने तयार केले. २०२०मध्ये त्याच्या अगदी पहिल्या बीमलाइनवर करोना विषाणूच्या प्रथिनांचा अभ्यास सुरू झाला होता. मोटारी, ओतकाम, अचूक यंत्रकाम यांत पुणे, कोल्हापूर आणि बेळगाव पट्ट्यातील कारखाने कमी नाहीत. त्यांना असे काम देणारा प्रकल्प मात्र हवा.

इंदूरमध्ये ६ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या अतिप्रखर स्रोताच्या आराखड्यावर अभ्यास झालेला आहे. असे वलय मंजुरीपासून प्रकाशापर्यंत दहा वर्षे सहज घेते, आणि त्या दहा वर्षांतच बीमलाइन चालवणारे शास्त्रज्ञ, निर्वात तंत्राचे जाणकार, शोधक उपकरणे बनवणारे आणि विदा हाताळणारे लोक घडवावे लागतात. एका अवयवाच्या एका स्कॅनमधून टेराबाइटच्या मापाची विदा निघते. ती साठवणे सोपे, तिच्यातून अर्थ काढणारी माणसे मिळणे कठीण. म्हणून निर्णय व्हावा, लवकर व्हावा, आणि त्यातील ठरावीक वाटा पहिल्या दिवसापासून मनुष्यबळासाठी राखलेला असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. वलय मोठे करायचे की माणसे अधिक घडवायची, असा पेच पडलाच तर वलय थोडे लहान करावे.

प्रश्न (जळगाव, बी.एस्सी. द्वितीय वर्ष): मला या क्षेत्रात यायचे आहे. आमच्या महाविद्यालयात साधे क्ष-किरण विवर्तनाचे यंत्रही नाही. सुरुवात कोठून करू?

उत्तर: यंत्र नसले तरी विदा आहे. ग्रेनोबलच्या धोरणानुसार तेथील सार्वजनिक प्रयोगांची विदा साधारणपणे तीन वर्षांनी सर्वांसाठी खुली होते, आणि वर सांगितलेल्या मानवी अवयवांच्या प्रतिमांचा संग्रह इंटरनेटवर विनामूल्य पाहता आणि उतरवून घेता येतो. पायथन शिका, त्यातील एका फुप्फुसाचा लहान तुकडा घ्या आणि रक्तवाहिन्या वेगळ्या करून दाखवण्याचा प्रयत्न करा. या कामाला प्रवेशपरीक्षा नाही आणि शुल्कही नाही. पदार्थविज्ञानात फूरिये रूपांतर आणि व्यतिकरण हे दोन धडे परीक्षेपुरते न ठेवता पक्के करा. टायकोग्राफी असो वा स्फटिकशास्त्र, सगळे त्यांवर उभे आहे.

पदव्युत्तर टप्प्यावर इंदूरला जाता येईल. इंडसवर वेळ मिळवण्यासाठी मार्गदर्शक प्राध्यापकांमार्फत प्रस्ताव पाठवावा लागतो आणि तज्ज्ञांची समिती तो तपासते. विद्यापीठांना या कामी विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांच्या संयुक्त संशोधन संस्थेची मदत होते. तिची केंद्रे इंदूर, मुंबई आणि कोलकाता येथे आहेत. प्रस्तावात समिती पहिल्यांदा हे पाहते की हा प्रयोग सिंक्रोट्रॉनशिवाय का होणार नाही. त्यामुळे नमुना आधी जवळच्या विद्यापीठातील साध्या यंत्रावर तपासून घ्या आणि तेथे काय दिसले नाही ते आकृतीसह लिहा. बीमलाइनवरचा वेळ सहसा आठ-आठ तासांच्या पाळ्यांत मिळतो आणि त्यातला बराच नमुना बसवण्यात व झोताशी जुळवण्यात जातो, म्हणून नमुने ठरल्यापेक्षा अधिक न्या, त्यांवर क्रमांक घाला आणि कोणता आधी मोजायचा ते निघण्यापूर्वीच ठरवून ठेवा.